ओझे इंधनाचे : परंड्याच्या वेढ्यापासून शर्यतीच्या टाकीपर्यंत

मोटार शर्यतींवर जगभर भरपूर लिहिले गेले आहे. इंजिनावर सर्वांत जास्त, त्याखालोखाल चालकांवर, मग टायर, ब्रेक आणि रस्ते यांवर. इंधनाच्या टाकीवर मात्र क्वचितच कोणी पानभर लिहितो. वास्तविक शर्यतीच्या गाडीत टाकी हा असा भाग आहे की ज्याचे वजन शर्यत चालू असताना सतत घटत जाते. गाडी निघते तेव्हा जड असते, पोहोचते तेव्हा हलकी. किती जड होऊन निघायचे हे चालकाला आधीच ठरवावे लागते. कमी भरले तर गाडी वाटेत थांबणार. जास्त भरले तर ते जास्तीचे पेट्रोल वाहून नेण्यासाठी आणखी पेट्रोल जळणार, आणि वेळही जाणार. या एका निर्णयाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न मी येथे करतो आहे.

मी धाराशिव जिल्ह्यात राहतो. आमच्याकडे मोटार शर्यतीचा ट्रॅक नाही. इतिहासाची किंवा अभियांत्रिकीची पदवीही माझ्याकडे नाही. मराठवाड्यातील रस्ते, रेल्वे आणि वाहतूक यांविषयीचे जुने कागद, गॅझेटिअर, वाहनांची माहितीपुस्तके जमवणे आणि जाणत्या मिस्त्रींना प्रश्न विचारणे, हीच माझी शाळा. या शाळेत जे कळले त्याचे सार एवढेच की, इंधनाच्या वजनाचा प्रश्न हौशी माणसाला सर्वांत जास्त छळतो. मोठ्या कारखान्याच्या संघाकडे हिशेब करायला माणसे आणि यंत्रे असतात. हौशी स्पर्धक स्वतःच्या खिशातून खर्च करून उतरतो. वाटेत बंद पडण्याची नामुष्की त्याला परवडत नाही, म्हणून तो टाकी काठोकाठ भरतो. त्याच्या टाकीत पेट्रोलाबरोबर भीतीही भरलेली असते, आणि त्या भीतीला वजन असते.

पाव मैलाचा हिशेब

ते वजन किती, हे आधी पाहू. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोला थोडे कमी, साधारण ०.७४ किलो भरते. आपल्याकडच्या एखाद्या छोट्या मोटारीची टाकी ४२ लिटरची धरली तर भरलेल्या टाकीत ३१ किलो पेट्रोल असते. म्हणजे दहा-अकरा वर्षांचे मूल मागच्या आसनाखाली बसवून नेल्यासारखे. सहाच लिटर ठेवले तर साडेचार किलोही होत नाही. दोन्हींतला फरक सुमारे २७ किलोचा.

आता गाडी आणि चालक मिळून १,००० किलो धरू. थांबलेल्या अवस्थेतून सुटून पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पळायचे अशी शर्यत असेल तर लागणारा वेळ वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो, असा जुना व्यवहारी नियम आहे. वजन तीन टक्क्यांनी वाढले की वेळ सुमारे एक टक्क्याने वाढतो. आपल्या २७ किलोंचा अर्थ सोळा सेकंदांच्या धावेत साधारण एक सप्तमांश सेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १३० किलोमीटरच्या पुढे असते. तेवढ्या वेळात ती पाच मीटर जाते, आणि तिची स्वतःची लांबी चार मीटरांच्या आत असते. दोन सारख्या गाड्यांपैकी एकीची टाकी भरलेली आणि दुसरीची जवळजवळ रिकामी असेल, तर पहिली एका गाडीच्या अंतराने हरते.

वळणावळणांच्या रस्त्यावर हिशेब आणखी वाढतो, कारण जड गाडीला वेग घ्यायला वेळ लागतो, ब्रेक आधी दाबावा लागतो आणि टायर लवकर झिजतात. फॉर्म्युला वनमध्ये १० किलो इंधनामागे फेरीला सुमारे ०.३ सेकंद असा ढोबळ आडाखा वापरतात. घाटातल्या चढावर तर प्रत्येक किलो उचलून वर न्यायचा असतो.

मग टाकी रिकामी ठेवावी, झाले! पण तसेही नाही. पेट्रोल पातळ असते, ते हेलकावते. टाकी पावभर असली आणि गाडी वेगाने वळली की पेट्रोल एका बाजूला जाऊन आदळते, पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते, इंजिनात हवा जाते आणि ऐन वळणातून बाहेर पडताना गाडी आचके देते. म्हणून शर्यतीच्या टाकीत आडवे पडदे घालतात किंवा फोम भरतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, मातीच्या रस्त्यावर, मागे असलेले थोडे वजन चाकांना पकडही देते. तेव्हा प्रश्न ‘कमी की जास्त’ एवढा सोपा नाही. प्रश्न ‘नेमके किती’ हा आहे.

चारा, पाणी आणि कोळसा

हा पेच मोटारीने आणलेला नाही. ओढणारा जीव असो की यंत्र, त्याचे खाणे त्यालाच वाहून न्यावे लागले की तो उभा राहतो. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात तो मोटारीच्या पावणेतीनशे वर्षे आधी दिसतो.

१६३०-३१ च्या सुमारास शहाजहानचा सरदार आझमखान निजामशाहीवर चालून आला. त्याने धारूर घेतले आणि परंड्याच्या किल्ल्याला वेढा दिला. तो काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा. किल्ल्याभोवतालच्या मुलखात गवताची काडी उरली नव्हती आणि चारा कोसच्या कोस दुरून आणावा लागत होता. अखेर वेढा उठवून आझमखानाला धारूरकडे परतावे लागले. परंड्याचे बुरूज आणि तोफा यांचे कौतुक आपण करतो, ते योग्यच आहे. पण तो वेढा मोडण्यात रिकाम्या माळांचाही मोठा वाटा होता.

यामागचे गणित साधे आहे. ओझ्याचा बैल पाठीवर साधारण १२० किलो नेतो आणि दिवसाला दहा-बारा किलो सुका चारा खातो, असे ढोबळ मानाने धरू. त्याने फक्त स्वतःचाच चारा वाहिला तरी दहा-बारा दिवसांत पाठ रिकामी होते. परत यायचे असेल तर पाच-सहा दिवसांच्या पलीकडे त्याला जाताच येत नाही, आणि एवढे करून त्याने दुसऱ्या कोणासाठी काहीच नेलेले नसते. घोडदळाचे गणित याहून कठीण, कारण घोड्याला दाणाही लागतो.

या गणितावर ज्यांनी मात केली ते लमाण. तुळजापूर, नळदुर्ग या भागात आजही त्यांचे तांडे आहेत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्नियेने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. धान्य आणि मीठ देशभर पोहोचवणारे, फौजांना रसद पुरवणारे हे लोक बैलांचा चारा सोबत नेत नसत. बैल वाटेवर चरत जात. म्हणून तांडा सावकाश चाले, पण त्याच्या पाठीवरचे सगळे ओझे विकण्याचे असे. आजच्या भाषेत सांगायचे तर लमाणांनी टाकी लहान ठेवली आणि पंप वाटेवर शोधले. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्यांचेही तेच. वैरण म्हणून उसाचे वाढे फडातच मिळते, ते घरून न्यावे लागत नाही.

मग वाफ आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पर्यंत येडशी, ढोकी अशी आमच्या जिल्ह्यातून लातूरला पोहोचली. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. कॅलथ्रॉपचा आग्रह एकच होता. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात. या रेल्वेसाठी घडवलेल्या पहिल्या इंजिनांना मागे वेगळा टेंडर नव्हता. कोळसा आणि पाणी इंजिनाच्याच अंगावर असे. पुढच्या पाण्याच्या स्टेशनापर्यंत पुरेल तेवढेच पाणी घ्यायचे, ही वाफेच्या इंजिनाची शिस्त. लहान स्टेशनांवर दिसणाऱ्या पाण्याच्या जुन्या टाक्या या शिस्तीच्या खुणा आहेत.

मैदानावरची शर्यतही आमच्या लोकांना नवी नाही. शंकरपटात पळणाऱ्या बैलाला धावेच्या आधी पोटभर वैरण-पाणी द्यायचे नसते, हे जाणत्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पळण्याआधी बैल उपाशी नको आणि जडही नको. पोट किती भरलेले असावे याचा अंदाज हेच तर मालकाचे कसब.

चार शर्यतींची साक्ष

मोटारींच्या शर्यती सुरू झाल्यावर संयोजकांनाही हा प्रश्न लवकरच भिडला. १९०७ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये गाडीच्या वजनावर किंवा इंजिनाच्या आकारावर बंधन नव्हते. बंधन फक्त इंधनावर होते. दर १०० किलोमीटरला ३० लिटर. शर्यत ७७० किलोमीटरची, म्हणजे प्रत्येकाला २३१ लिटर. फियाटचा फेलिचे नाझारो जिंकला. शर्यतीनंतर टाक्या मोजल्या तेव्हा त्याच्याकडे सुमारे ११ लिटर शिल्लक निघाले. दुसऱ्या आलेल्या रेनोच्या फेरेंक सिसच्या टाकीत मात्र सुमारे ३० लिटर उरले होते. सिस आदल्या वर्षीचा विजेता, कसलेला चालक. तो पावणेसात तासांच्या शर्यतीत सात मिनिटांहून कमी फरकाने हरला. त्याच्या टाकीत उरलेल्या वीस-बावीस किलो पेट्रोलाने त्याला दोनदा मारले. ते वाहून नेण्यात वेळ गेला, आणि ते जाळून मिळाला असता तो वेगही मिळाला नाही. न वापरलेले इंधन हे शर्यतीतले सर्वांत महाग इंधन, हे तेव्हाच दिसून आले.

दुसरी साक्ष १९५१ ची, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची. त्या काळी अल्फा रोमिओच्या गाड्या अजिंक्य मानल्या जात. दीड लिटरचे इंजिन, त्यात दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर आणि अल्कोहोलवर चालणारे इंधन. ताकद अफाट, पण तहानही तशीच. लिटरला जेमतेम अर्धा किलोमीटर! शेकडो लिटर घेऊन निघायचे, तरीही मध्ये थांबून पुन्हा भरायचे. फेरारीने साडेचार लिटरचे, सुपरचार्जर नसलेले, कमी पिणारे इंजिन आणले. १४ जुलैला अर्जेंटिनाचा फ्रोइलान गोन्सालेस याच फेरारीवर अल्फाला सुमारे ५१ सेकंदांनी मागे टाकून जिंकला. अल्फाची ताकद तिच्याच टाकीने खाल्ली.

तिसरी साक्ष १९५७ ची, जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची. २२ फेऱ्यांच्या त्या शर्यतीत फेरारीच्या चालकांनी न थांबण्याचे ठरवून टाक्या पूर्ण भरल्या. हुआन मान्युएल फांजिओने मासेरातीत निम्मेच इंधन घेतले. हलक्या गाडीवर आघाडी घ्यायची, मध्यावर थांबून टायर बदलायचे, इंधन घ्यायचे आणि पुन्हा सुटायचे, असा त्याचा बेत. थांब्यावर घोटाळा झाला, आघाडी गेली, तो पाऊण मिनिटाहून जास्त मागे पडला. त्यानंतर त्याने फेरीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडत दोन्ही फेरारींना गाठले आणि साडेतीन सेकंदांच्या थोड्या जास्त फरकाने जिंकला. ही धाव त्याच्या धाडसासाठी आठवली जाते. पण त्या धाडसाचा पाया निम्म्या टाकीच्या हिशेबात होता.

आणि चौथी साक्ष उलट बाजूची. डिसेंबर १९५९, अमेरिकेतले सेब्रिंग. जॅक ब्रॅबमची कूपर शेवटच्या फेरीत इंधन संपून थांबली. तो उतरला आणि चढावर गाडी हाताने ढकलत रेषेपार घेऊन गेला. चौथा आला, आणि गुणांच्या बेरजेवर जगज्जेता झाला. सगळ्यांनाच असे नशीब लाभत नाही. अंदाज चुकला की पुढचे अंतर माणसाच्या खांद्यावर येते, एवढे मात्र त्याने दाखवून दिले.

आपल्याकडचे हौशी

ही झाली व्यावसायिकांची गोष्ट. महाराष्ट्रात मोटार शर्यत मुख्यतः हौशी माणसाने जगवली. नोकरी-धंदा सांभाळणारा, रोजच्या वापरातली गाडी थोडीफार सुधारून शर्यतीत उतरवणारा माणूस.

नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून निघालेली लंडन–सिडनी मॅरेथॉन आपल्या आग्रा रस्त्याने मुंबईला आली. निघालेल्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईला पोहोचल्या आणि तिथून ‘चुसान’ बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. कारखान्यांच्या संघांबरोबर स्वखर्चाने आलेले कितीतरी हौशी त्यात होते. वाटेतल्या वाळवंटी मुलखात पेट्रोल मिळेल का, या धास्तीने जादा टाक्या, डबे, सुटे भाग, चाके असे सगळे लादून माणसे निघाली होती. एवढे ओझे सोसायला गाडी मजबूत करावी लागे, आणि मजबुतीचे पुन्हा वजन. शेवटी जिंकली ती अँड्र्यू कोवन आणि त्याच्या दोन साथीदारांची हिलमन हंटर, तुलनेने साधी, १,७२५ सीसीची घरगुती मोटार.

आपल्याकडच्या हौशी स्पर्धांचे प्रकार पाहिले तर प्रत्येकात टाकीचा हिशेब वेगळा आहे. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने ठरावीक वेळी पोहोचायचे, अशी रॅली कुटुंबांमध्येही लोकप्रिय आहे. तिथे वजनाला फारसे महत्त्व नाही, फक्त पेट्रोल संपू नये. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात ‘व्हॅली रन’ नावाने पाव मैलाच्या शर्यती झाल्या. तिथे हिशेब अगदी उलटा. पेट्रोल तळाला, मागचे आसन घरी, स्टेपनी बाहेर. नाशिकला झालेल्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’सारख्या वेगाच्या रॅलीत इंधन फक्त नेमून दिलेल्या जागीच भरता येते. दोन-तीन टप्प्यांचा खर्च आधी काढावा लागतो, आणि चिखल झाला, चाके फिरत राहिली तर तो वाढतो. मारुती जिप्सी ही आपल्या रॅलीवाल्यांची जुनी लाडकी. तिची टाकी ४० लिटरची, म्हणजे भरल्यावर तीस किलो. ती केव्हा पूर्ण भरायची आणि केव्हा निम्मी, यावर जुने रॅलीवाले तासन्‌तास बोलू शकतात.

कार्टिंगमध्ये तर नियमच इंधनाच्या वजनाभोवती फिरतो. कोल्हापूरजवळच्या मोहिते कुटुंबाच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. शर्यत संपली की कार्ट आणि चालक दोघांचे मिळून वजन करतात. ते ठरलेल्या किमान वजनापेक्षा कमी भरले तर शर्यत बाद. टाकीत उरलेले पेट्रोलही त्या काट्यावर येते. सुरुवातीचे वजन बरोबर असून चालत नाही, शेवटचे बरोबर असावे लागते. म्हणून किती जळेल हे आधी माहीत हवे.

या सगळ्यात हौशी माणसाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट आहे. इंजिनाची ताकद वाढवायची तर हजारो, कधी लाखो रुपये लागतात. गाडीचे अंग हलके करायचे तरी खर्च आहेच. टाकीतले नको असलेले वीस किलो काढायला काहीच लागत नाही. लागतो तो काटा, मोजपात्र, वही आणि सराव. गरीब स्पर्धकाला श्रीमंताच्या बरोबरीने मिळू शकेल असा हा एक वेग आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत हे नियमात बसवले आहे. मुले स्वतः छोटी शर्यतीची गाडी बनवतात. शेवटची परीक्षा २२ किलोमीटरची. मध्ये चालक बदलतो, पण इंधन भरता येत नाही. सुरुवातीला टाकी नळीवरच्या खुणेपर्यंत भरतात, शेवटी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून किती जळले ते मोजतात आणि त्याचे वेगळे गुण देतात. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या संघाची तयारी मी पाहिली. त्यांची टाकी गरजेपेक्षा बरीच मोठी होती. मी कारण विचारले. संघाची प्रमुख असलेली मुलगी म्हणाली, “सर, टाकीत जेवढं जास्त, तेवढा आमचा सराव कमी.” त्यांना गाडी पळवून पाहायला मोकळी जागा मिळत नव्हती. फेरीला किती मिलिलिटर जळते ते माहीत नव्हते, म्हणून टाकी मोठी. पुढचे काही रविवार त्यांनी महाविद्यालयाच्या आवारात, पहाटे, मोजपात्र घेऊन फेऱ्या मारल्या आणि वही भरली. पुढची टाकी त्यांनी त्या वहीवरून बनवली. सिसच्या तीस लिटरांचा अर्थ मला त्या मुलीच्या एका वाक्यात जितका स्वच्छ कळला तितका पुस्तकांत कळला नव्हता.

काट्यावर न येणारे वजन

आता टाकीत जे भरायचे तेच बदलते आहे, आणि हा बदल आमच्या जिल्ह्याच्या शेतातून येतो आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले, आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. इथेनॉल उसापासून होते, तसेच मका आणि इतर धान्यांपासूनही. पण धाराशिवमध्ये इथेनॉल म्हटले की आधी ऊसच आठवतो.

शर्यतीच्या दृष्टीने इथेनॉलचे दोन गुण आहेत. ते जास्त दाब सोसते आणि बाष्प होताना इंजिन थंड ठेवते. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या गाड्या २००७ पासून कित्येक वर्षे इथेनॉलवर धावल्या. दोष एकच, आणि तो वजनाचा. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस लिटर पेट्रोलाचे काम करायला तीस लिटर इथेनॉल लागते, आणि पंधरा किलोंच्या जागी चोवीस किलो न्यावे लागतात. २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. प्रत्यक्षात किती फरक पडतो हे इंजिनावर अवलंबून असते, पण ज्याची वही जुन्या पेट्रोलावर भरलेली आहे त्याला ती पुन्हा भरावी लागणार. १९५१ च्या अल्फाची तहान अल्कोहोलचीच होती, हे येथे आठवावे.

पण मला जास्त छळते ते दुसरे वजन. इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा नीती आयोगाने प्रसिद्ध केला, त्यात उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असा आकडा दिला आहे. पाऊण किलोहून थोड्या जास्त वजनाच्या इथेनॉलमागे पावणेतीन टनांहून जास्त पाणी. हे पाणी टाकीत दिसत नाही, शर्यतीच्या काट्यावर येत नाही. ते आधीच कोणीतरी वाहिलेले असते.

आमच्या भागात पाण्याचे वजन लोकांना ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी निघाली. तिने पाच लाख लिटर पाणी नेले, म्हणजे पाचशे टन. बार्शी लाइटच्या जुन्या लोहमार्गाचा वारस असलेल्या ब्रॉडगेज मार्गाने, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास ओढून नेलेले पाणी. त्या आकड्याला नीती आयोगाच्या आकड्याने भागले की उत्तर येते १७५ लिटर इथेनॉल. लेखाच्या आरंभी धरलेल्या छोट्या मोटारीच्या टाक्या भरल्या तर चार भरतील आणि थोडे उरेल.

हा हिशेब मी इथेनॉलच्या विरोधात मांडत नाही. परदेशी तेलावर होणारा खर्च, ऊस उत्पादकाला मिळणारे पैसे, धुराचा प्रश्न, या सगळ्यांच्या बाजूने बोलणारे आकडेही आहेत आणि ते खोटे नाहीत. माझे म्हणणे एवढेच की काटा पूर्ण असावा. परंड्याभोवती चारा संपला तेव्हा आझमखानाला ते समजले, कारण भुकेली जनावरे त्याच्या डोळ्यांसमोर होती. लमाणाला बैलाचे पोट दिसत होते. बार्शी लाइटच्या ड्रायव्हरला पाण्याची पातळी दिसत होती. आपल्याला फक्त टाकीचा काटा दिसतो, आणि तो टाकीच्या आतलेच सांगतो.

हौशी शर्यतीच्या खेळाने शंभराहून अधिक वर्षांत एक साधी सवय घडवली. जेवढे लागते तेवढे आधी मोजायचे, तेवढेच घ्यायचे, आणि उरलेले पुन्हा मोजून वहीत लिहायचे. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी ती सवय जास्त निगुतीने पाळली. ऊस कुठे लावायचा, किती लावायचा, त्याचे किती पाणी कोणत्या विहिरीतून येणार, हे ठरवताना आमच्या जिल्ह्याला तीच सवय लागेल. या वहीत लिहायला शर्यतीचे लोक नाहीत. ती आमच्या गावांना, आमच्या विहिरींच्या काठावर बसून, स्वतःच भरावी लागणार आहे.